उद्या मुंबईला

तुषार जेवता जेवता सहज म्हणाला, “उद्या मुंबईला जाऊन येऊ या का?” महेंद्रनं घासासाठी उचललेला हात पुन्हा ताटात ठेवला आणि मायाकडे पाहिलं. “मग आधी सांगायचं नाही का?” तो म्हणाला. “डब्याला काय देणारेस?”

अलिबागजवळच्या नागावच्या त्या घराच्या ओटीवर पंगत बसली होती. महेंद्रचा चेहरा नेहमीसारखा सरळ होता, शाळेतल्या हजेरीला उभा राहिल्यासारखा. तुषारनं आईकडे बघितलं, प्रतिभानंही सासूकडे बघितलं. आणि माया हसली. मग सगळेच हसले. तुषारला तर ठसका लागला. भाजी वाढायला आलेली द्रौपदी, जिचं हे घर, तीही पदर तोंडाला लावून हसली. तीस-एक वर्षं डबा घेऊन मुंबईला गेलेला माणूस, रिटायर झाल्यावर समुद्रावर सुट्टीला येतो आणि मुंबईचं नाव काढताच डबा मागतो, म्हणजे गंमतच की. महेंद्र मात्र हसला नाही. तो मायाच्या तोंडाकडे बघत होता. ती हसतेय हे बघून त्यानं भात कालवायला घेतला. मायाला ठाऊक होतं की तो खरंच डबा मागत होता.

त्यांच्या घरची ही रीतच होती. महेंद्र बोलायचा आणि माया हसायची. तो स्वतः कधी हसायचा नाही, त्यामुळे समोरच्याला कळायचंच नाही की हा माणूस गंमत करतोय की खरं बोलतोय. लोक मायाकडे बघायचे. ती हसली की विनोद, नाही हसली की खरं. अगदी बघायला आला तेव्हापासून. उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या मायाच्या माहेरच्या दीड खोलीत सगळे वडीलधारे बसलेले, बाबासाहेबांच्या फोटोला ताजा हार घातलेला, आणि ह्यानं पोह्यांची बशी खाली ठेवून गंभीरपणे विचारलं होतं, “तुम्हाला पोहता येतं का?” मायाचे वडील गोंधळले. “नाही, आमच्या अंबरनाथच्या खोलीत पावसाळ्यात पाणी शिरतं, म्हणून विचारलं,” महेंद्र म्हणाला. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मायाला पदराआड हसू फुटलं. तिथंच लग्न ठरलं, असं तिचे वडील पुढे सगळ्यांना सांगायचे. अंबरनाथ पूर्वेच्या त्या खोलीत पाणी मात्र खरोखरच शिरायचं. पहिल्या पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात पलंगावर बसून ती हसत होती, आणि तो तिच्याकडे बघून म्हणाला होता, तू हसतेस म्हणून माझं चालतं. तेव्हा तिला ते लाडाचं बोलणं वाटलं होतं.

आणि मुंबई. त्या घरात मुंबई म्हणजे गाव नव्हतंच, मुंबई म्हणजे ड्युटी. “पप्पा कुठे गेले?” “मुंबईला.” “पप्पा मुंबईहून कधी येणार?” “अंधार पडला की.” तुषार लहान असताना त्याला वाटायचं मुंबई ही एक मोठी खोली आहे, तिच्यात टेबल असतं आणि टेबलाशी पप्पा बसतात. घरात कुणी म्हणालं, ‘उद्या मुंबईला जायचंय,’ की त्याचा एकच अर्थ. इस्त्रीचा शर्ट, पास, रुमाल, डबा. डब्यात दोन भाकऱ्या जास्त, कारण महेंद्र म्हणायचा, डबा एकट्यानं खायचा नसतो. पुढे बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅट घेतला, तुषार शिकला, पुण्याला गेला, तरी शब्द तोच राहिला. मायानं स्वतः मुंबई पाहिली ती सहा डिसेंबरला दादरला जाऊन, रांगेत उभं राहून, आणि घाटकोपरच्या एक-दोन लग्नांत. महेंद्रचं ऑफिस फोर्टात होतं. जहाजांच्या कुठल्याशा कंपनीत तो डिस्पॅचला होता, टपाल नोंदवायचं आणि पाठवायचं. “एक दिवस तुला माझं टेबल दाखवतो,” असं तो लग्नापासून म्हणत आला. तो एक दिवस काही उजाडला नाही. तिनं तरी कुठे कधी हट्ट धरला. ज्या खोलीनं आपल्या माणसाचा सगळा उजेड खाल्ला, तिचं दार एकदा बघावं असं तिला अधूनमधून वाटायचं, एवढंच.

म्हणून तर पंचाईत होती. जेवण झाल्यावर तुषार आणि प्रतिभा मोबाइलवर डोकी घालून बसले आणि बेत भराभर आकाराला आला. सकाळी गाडीनं मांडव्याला जायचं, गाडी तिथं ठेवायची, लाँच धरायची, तासाभरात गेटवेला. मग म्युझियम, मग इराण्याकडे चहा, मग समुद्राकाठी थोडं चालायचं, संध्याकाळच्या लाँचनं परत. प्रतिभा नागपूरची. लग्न ठरलं तेव्हा तिच्या माहेरी सांगितलं होतं, मुंबईचं स्थळ आहे. प्रत्यक्षात कात्रप निघालं. हे ती दोन वर्षं चिडवून दाखवत होती. “पुण्याहून येता-जाता बदलापूरच्या पुढे कधी गेलोच नाही आपण,” ती म्हणाली. “मुंबईची सून आणि मुंबईच बघितली नाही!” द्रौपदीचे यजमान शंकरराव सुपारी कातरत बसले होते, त्यांनाही राहवलं नाही. “आल्या दिवशी वहीत लिवलंव, रानार मुंबई. आनि आता मुंबई बघाला आमच्या नागावशी जाताव? काय बोलाचा तुमाला!” तेव्हा महेंद्र म्हणाला, “शंकरराव, माझा साहेब मला जन्मभर विचारत आला, अलिबागसे आया है क्या? उद्या छातीठोकपणे सांगतो त्याला, हो, तिकडूनच आलो.” ह्यावर शंकरराव मांडीवर थाप मारून हसले. कुणी मायाकडे बघितलंसुद्धा नाही, इतका तो चोख विनोद होता. मायाला एकदम भरून आलं. आहे, अजून आहे हा इथंच, तिला वाटलं. आणि तेवढ्यात प्रतिभा म्हणाली, “आणि पप्पांचं ऑफिस बघायचं. पप्पाच आपले गाईड. ते पुढे, आपण मागे.”

ते पुढे, आपण मागे. दुपारभर ते वाक्य मायाच्या डोक्यात घोळत राहिलं. खोलीत पंखा कुरकुरत होता, महेंद्र भिंतीकडे तोंड करून झोपला होता, आणि खिडकीतून सुरूच्या झाडांचा तो न थांबणारा आवाज येत होता. त्याला पहिल्यांदा वाटेवरून भरकटताना तिनं पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं, तेही त्याच्याच तोंडून. गेल्या वर्षी भाजी आणायला म्हणून बाहेर पडला तो दुपार टळली तरी आला नाही, आणि आला तो रिक्षातून. सांगत होता, अंबरनाथला जुन्या खोलीवर गेलो होतो, तिथल्या बाईंकडे किल्ली मागितली, म्हटलं आमची बायको बाहेर गेलीय वाटतं, तर बाई पोलीस बोलवायला निघाली! खालच्या मजल्यावरच्या मीनाताई आल्या होत्या, त्यांनी मायाकडे बघितलं. माया हसली. मीनाताई हसल्या. किस्सा तयार झाला. रात्री त्यानं काढून ठेवलेल्या पिशवीत भाजी नव्हती, नुसती दुमडलेली पिशवी होती. त्यानंतर पुष्कळ किस्से तयार झाले. उल्हासनगरच्या कापडबाजारातला एक जुना सिंधी दुकानदार त्याचा दोस्त होता. त्याच्याशी सिंधीत बोलून महेंद्र भाव उतरवून घ्यायचा. तर तीन दिवसांपूर्वी नागावला उतरल्या उतरल्या त्यानं शंकररावांना नमस्कार केला तो सिंधीतच, “कीअं आहियो, साईं?” सगळे हसले, माया सगळ्यांत आधी हसली, आणि महेंद्र मात्र अंगणात इकडेतिकडे कापडाचे तागे शोधत राहिला. ते फक्त तिला दिसलं.

अंबरनाथच्या डॉक्टरकडे ती त्याला बीपी तपासायचं निमित्त सांगून घेऊन गेली होती. डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवून तिला सांगितलं, हे वयाचं विसरणं नाही, हा आजार आहे, हळूहळू वाढत जाणार. घरात सगळ्यांना सांगा, ताई, एकटीनं हे ओढू नका. तिनं मान डोलावली होती. तुषारनं नागावचा बेत काढला तेव्हा तिनं ठरवलं होतं की समुद्रावर त्याला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं. तीन संध्याकाळी गेल्या. रोज तोंड उघडायची आणि रोज शंख-शिंपल्यांविषयी बोलून परत यायची. तुषार रागावेल, रडेल, पुण्याला चला म्हणेल, ह्याची तिला एवढी भीती नव्हती. तिला भीती वेगळीच होती. एकदा सांगितलं की ह्या माणसाचा कुठलाही विनोद ह्यापुढे विनोद राहणार नाही. तो काहीही बोलला की घरातली माणसं एकमेकांकडे हळूच बघतील. अलिबागचा तो मघाचा चोख विनोद, तोसुद्धा आजारातच जमा होईल. जन्मभर ज्यानं माणसं हसवली त्याच्यापाशी मग उरलं काय? आणि न सांगावं तर उद्या हा माणूस त्या अफाट शहरात पुढे चालणार, आणि आपण त्याच्यावर विसंबून मागे.

उन्हं कलल्यावर ती आणि तुषार वाळूतून चालत निघाली. महेंद्र आणि प्रतिभा मागे शहाळी पीत बसले होते. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं, आणि ओल्या काळसर वाळूत घोडागाडीच्या चाकांचे चरे पडले होते. “तुषार, उद्याचं राहू दे,” ती म्हणाली. “पप्पांना बोट लागते.”

“पप्पांना? मम्मी, कायपण!” तुषार हसला. “आणि मांडव्याची लाँच म्हणजे काय जहाज आहे? पप्पा एकदम तयार आहेत. मघाशी मला म्हणाले, मी रोजचाच आहे, तुम्ही तुमचं बघा.”

“तसं नाही रे. त्यांचं हल्ली जरा…”

“काय जरा? गुडघे?”

ती थांबली. पाण्याच्या कडेला एक कुत्रं उगाच लाटेवर भुंकत होतं.

“मम्मी, तू ना त्यांची फार काळजी करतेस,” तुषार म्हणाला. “खरं सांगू? मला पप्पांचा हेवा वाटतो. एवढं वय झालं, टेन्शन नाही काही. ऑफिसमध्ये मी त्यांचे किस्से सांगतो. ते किल्लीवालं तर सगळ्यांना पाठ झालंय. आमच्या टीम लीडनं स्वतःच्या घरी जाऊन सांगितलं, बोल.” आणि त्यानं तो किस्सा पुन्हा सांगितला, बापासारखाच सरळ चेहरा ठेवून, बाईच्या आवाजाची नक्कल करून, आणि शेवटी आईकडे बघितलं. तिला वाटलं, आता नाही हसायचं. आता गप्प राहायचं, की त्याला आपोआप कळेल. पण पोराच्या चेहऱ्यावर बापाचं एवढं कौतुक सांडलं होतं की ती हसली. सवयच ती. हसून झाल्यावर तिला स्वतःचा इतका संताप आला की तिनं तोंड समुद्राकडे फिरवलं.

परत आली तेव्हा प्रतिभा नळावर पाय धूत होती. महेंद्र आत गेला होता. प्रतिभानं नळ बंद केला आणि हलक्या आवाजात म्हणाली, “आई, पप्पांनी आज मला दोनदा विचारलं, तुझं माहेर कुठलं म्हणून. मी म्हटलं नागपूर. तर परत थोड्या वेळानं, अगदी पहिल्यांदा विचारल्यासारखं.” ती मायाकडे नीट बघत होती. “गंमत करतात ना?” ह्या मुलीला मायाचं हसणं अजून पाठ झालेलं नव्हतं. माया हसली, पण प्रतिभा हसली नाही. तिनं चप्पल घातली, “हो का,” म्हणाली आणि आत गेली.

खोलीत महेंद्रनं बॅग उपसली होती. पलंगावर त्याचे कपडे पसरले होते. त्यांतला एकमेव पूर्ण बाह्यांचा शर्ट त्यानं वेगळा काढला होता, उशीखाली ठेवून त्याची घडी मोडू नये अशी दाबली होती, जशी लग्नानंतरच्या दिवसांत इस्त्री नसताना ठेवायचा. “पास कुठे ठेवलास?” त्यानं विचारलं. ती म्हणाली, “सापडेल.” “सापडेल काय? सकाळी घाई होते.” मग तो थांबला. बाहेर सुरूची झाडं वाजत होती. तो आवाज त्यानं ऐकला, खिडकीकडे बघितलं, भिंतीवरच्या अनोळखी कॅलेंडरकडे बघितलं, आणि मग तिच्याकडे. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं, कुणासाठी विनोद करायचा नव्हता. तरी तो तिच्याकडे तसाच बघत राहिला, तिच्या ओठांकडे. आणि तेव्हा मायाला कळलं. इतकी वर्षं तिला वाटायचं की तो दाद मागायला बघतो. पूर्वी बघतही असेल. पण आता तो बघत होता ते घाबरून. आपण बोललो ते बरोबर की चूक, आपण आहोत तिथंच आहोत का, हे त्याला तिच्या तोंडावरून समजून घ्यायचं होतं. ती हसली की चूक झाकली जायची. मग पुन्हा त्याचं त्याला सगळं ठीक वाटायचं. म्हणजे ती त्याला सांभाळत नव्हती. रस्ता चुकलेल्या माणसाला ती हसत हसत पुढे पाठवत होती. ती पलंगावर त्याच्याशेजारी बसली आणि शर्टाची घडी हातानं सारखी करत राहिली. हसली नाही.

सकाळी अंगणात धुकट उजेड होता आणि गारवा होता. तुषार गाडीची काच पुसत होता. प्रतिभानं नवा ड्रेस घातला होता, पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या होत्या. मायाही तयार होती, मोतिया रंगाची साडी नेसून. रात्रभर ती काय बोलायचं ते जुळवत होती आणि सकाळी त्यातलं एकही वाक्य तिच्यापाशी राहिलं नव्हतं. महेंद्र स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आला. शर्ट खोचलेला, ओले केस चापून बसवलेले, खिशात रुमालाची चौकोनी घडी, आणि हातात स्टीलचा डबा. त्याच्यामागून द्रौपदी हसत आली. “मागं लागलं ना, डबा दे, डबा दे. मंग घावने दिलं बांधून.” तुषार जोरात हसला. “वा पप्पा! आता रोल सोडू नका दिवसभर.”

महेंद्र पायऱ्या उतरून आला आणि मायासमोर थांबला. त्यानं तिच्या साडीकडे बघितलं, तिच्या पर्सकडे बघितलं. अदबीनं जरा बाजूला सरकला, जिना उतरताना शेजारीण भेटली की सरकायचा तसा.

“वहिनी,” तो म्हणाला, “तुम्ही पण याच गाडीला?”

तुषार बोनेटवर हात आपटून हसायला लागला. “वहिनी! मम्मी, वहिनी म्हणाले तुला!” द्रौपदी हसली. प्रतिभा हसली नाही, ती मायाकडे बघत होती. तुषारही बघत होता, हसताना डोळ्यांत आलेलं पाणी पुसत, आईच्या हसण्याची वाट बघत. आणि महेंद्रही बघत होता, तिच्या ओठांकडे. हसू तिच्या तोंडाशी आलं होतं, सवयीचं, तयार. एकदा हसलं की गाडी सुरू होणार होती, लाँच मिळणार होती, तिला ते टेबल, निदान ती इमारत दिसणार होती.

ती हसली नाही.

तुषारचं हसणं अंगणात थोडा वेळ एकटंच चाललं. मग अडखळलं. “मम्मी?” तो म्हणाला. तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, हसू पूर्णपणे काढून टाकलेल्या चेहऱ्यानं. असा तिचा चेहरा त्यानं बहुतेक कधी पाहिलाच नव्हता. “ते गंमत करत नाहीयेत, तुषार,” ती म्हणाली. “किल्लीचीही नव्हती ती गंमत. मीच हसत होते.” द्रौपदी पदराशी चाळा करत आत निघून गेली. प्रतिभानं पुढे होऊन मायाचा दंड धरला. तुषार गाडीला टेकून उभा राहिला, हातातलं फडकं तसंच, आणि त्याच्या तोंडावरून एकेक किस्सा मागे मागे जाताना तिला दिसत होता.

महेंद्र सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता. कुणीच हसत नव्हतं. त्यानं डबा पोटाशी धरला. मायानं त्याचा दुसरा हात धरला. तो हात थंड होता.

“मग आज…” तो म्हणाला आणि थांबला. शब्द शोधला. “आज सुट्टी आहे का?”

“हो,” माया म्हणाली. “आज सुट्टी आहे.”

“असं होय.” त्यानं मोठा श्वास सोडला. ओटीच्या पायरीवर जाऊन बसला, शर्ट चुरगळू नये म्हणून जपून. झाडांचा आवाज येत होता आणि त्याच्या पलीकडून भरतीचा. डबा मांडीवर घेऊन त्यानं झाकण उघडलं, वाफ तोंडावर घेतली. तुषार फडकं टाकून आला आणि त्याच्या पायांशी खालच्या पायरीवर बसला. त्याला रडू आवरत नव्हतं आणि तो आवरतही नव्हता. महेंद्रनं त्याच्याकडे थोडा वेळ नवलानं बघितलं. मग घावन्याचा अर्धा तुकडा तोडून त्याच्यापुढे धरला.

“घे,” तो म्हणाला. “डबा एकट्यानं खायचा नसतो.”

तुषारनं हात पुढे केला.